खुंटीवरची बॅटरी



मराठवाड्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "चांगल्या सवयींबद्दल तुम्ही सांगता ते पटते. दिवाळीच्या पाडव्याला आम्ही घरात सगळ्यांनी बसून चार गोष्टी ठरवल्या होत्या. तुळशीचे लग्न लागेपर्यंत त्यातली एकही राहिली नाही. आमच्याच घरात काही उणे आहे का?"

नाही बाई, तुमच्या घरात काही उणे नाही. घरोघरी मातीच्या चुली. आणि निश्चयाचे म्हणाल, तर तो शेतकऱ्याच्या घराला कुणी शिकवायला नको. दोन पेरण्या वाया गेल्यावर तिसऱ्यांदा तिफण जुंपणाऱ्या माणसापाशी निश्चय कमी आहे असे कोण म्हणेल? तरीही जेवणाआधी साबणाने हात धुवायचे एवढी साधी गोष्ट त्याच घरात आठ दिवस टिकत नाही.

याचे कारण मला गोठ्यात सापडते. संध्याकाळी रानातून आलेली गुरे कुणी न सांगता आपापल्या दावणीशी येऊन उभी राहतात. त्यांनी काही शपथ घेतलेली नसते. गव्हाण तिथे आहे, वैरण तिथे आहे, रोज तीच वाट आहे, म्हणून पाय तिकडे वळतात. माणसाचेही पुष्कळसे असेच आहे. आपण सवय मनात शोधतो, आणि ती असते वस्तूच्या जागेत. साबण न्हाणीत आणि जेवणे ओसरीवर, मग हात कसे धुतले जाणार? बॅटरी कधी पोराच्या उशाखाली, कधी ट्रॅक्टरच्या डब्यात, मग रात्री पाण्याला जाताना ती हातात कशी येणार?

बॅटरीचे नाव निघालेच आहे तर आधी तिचेच बोलू. कारण इतर सवयी मोडल्या तर फार तर नुकसान होते, ही मोडली तर माणूस जातो.

अजूनही पुष्कळ गावांत शेतीची लाईट आठवड्याआड रात्रीची असते. मध्यरात्री उठायचे, मोटार चालू करायची आणि उसात नाही तर गव्हात दारे धरायची. पायांखाली ओल, बांधावर गवत, उंदरांची बिळे, आणि उंदरांच्या मागे येणारा साप. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात साप चावून सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि बहुतेक सगळे खेड्यांतले. शहरातल्या माणसाला हा आकडा सांगितला तर तो चकित होतो. आपल्याला मात्र प्रत्येक गावातले एक तरी घर आठवते.

एका घरी मी मुक्कामाला होतो. घरातले म्हातारे गृहस्थ रात्री अकराच्या सुमारास खोरे खांद्यावर टाकून निघाले. सून माजघरातून म्हणाली, "मामंजी, बॅटरी राहिली."

"अगं, चांदणं टिपूर पडलंय की."

"चांदणं वर पडलंय मामंजी, पाय खाली आहेत."

म्हातारबा हसले, परत फिरले आणि दाराआतल्या खुंटीवरून बॅटरी काढून घेऊन गेले. मला त्या सुनेच्या बोलण्यापेक्षा खुंटीचे कौतुक वाटले. उंबरठ्याच्या आत, उजव्या हाताला, छातीइतक्या उंचीवर ती ठोकलेली होती. खाली चार्जिंगचे बटण, शेजारी काठी टेकवलेली आणि त्याखाली गमबुटांचा जोड. ही बॅटरी दुसऱ्या कोणत्याही कामाला हलवायची नाही, असा त्या घराचा कायदा होता. मुलांना अभ्यासाला वेगळी, मीटर बघायला वेगळी. म्हातारबांना परत फिरायला चार पावले पुरली. तीच बॅटरी फडताळात डब्यांमागे असती तर "राहू दे आता" म्हणून ते तसेच गेले असते.

कुणी म्हणेल, आता मोबाईलला उजेड आहेच की. आहे, पण एका हातात मोबाईल धरून खोरे मारता येत नाही. मग तो खिशात जातो आणि अंधार तसाच राहतो. डोक्याला बांधायची बॅटरी मिळते, ती दारे धरणाऱ्याला उत्तम, दोन्ही हात मोकळे राहतात. उजेड लांब बांधावर मारून चालू नये, पुढच्या दोन पावलांवर ठेवावा. काठी आपटत चालावे. साप आपल्यासारखा ऐकत नाही, पण जमिनीतला हादरा त्याला कळतो आणि बहुधा तो बाजूला होतो. घोणस मात्र पुष्कळदा जागची हलत नाही, कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकून तिथेच बसते. म्हणून पायात बूट हवाच.

घरातला धोका वेगळा आहे. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. तिचे दात बारीक असतात, त्यामुळे दुखतही नाही आणि खूणही पुष्कळदा दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, बोलताना जीभ अडखळते, आणि घरचे म्हणतात, काही तरी बाधले असेल. पावसाळ्यात भुईवर झोपलेल्या माणसाला पहाटे असे झाले तर सापाचा संशय धरून तडक दवाखाना गाठावा. आणि मुळात ती वेळच येऊ नये म्हणून खाटेवर झोपावे, मच्छरदाणी लावावी आणि तिच्या कडा गादीखाली खोचाव्यात. मच्छरदाणी डासांसाठी आणली तरी ती सापालाही अडवते. सरपणात, गोवऱ्यांच्या ढिगात किंवा कडब्याच्या गंजीत आधी काठी घालावी, मग हात. ती काठी ढिगाजवळच राहिली पाहिजे. घरात ठेवलेली काठी ढिगाशी काही येत नाही.

विंचवाचेही तसेच. चप्पल-बूट पायात घालण्यापूर्वी झटकायचे, कपडे अंगात घालण्यापूर्वी झाडायचे. कोकणात तांबड्या विंचवाच्या दंशाने पूर्वी किती लेकरे जात, ते जुन्या माणसांना ठाऊक आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे औषध या दंशावर कसे लागू पडते ते दाखवून दिले आणि पुष्कळ जीव वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तरीही औषध आहे म्हणून चप्पल न झटकता घालावी असे काही ते डॉक्टरही सांगणार नाहीत.

साप चावलाच तर काय, हेही त्या खुंटीशेजारी भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवा. माणसाला धीर द्यायचा, निजवायचे, चालवायचे नाही. चावलेला हात किंवा पाय फळीला नाही तर काठीला सैलसर बांधून हलू द्यायचा नाही. अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढायची, कारण सूज चढली की ती मांसात रुततात. ब्लेडने कापायचे नाही, तोंडाने विष ओढायचे नाही, दोरीने आवळायचे नाही. १०८ ला फोन करायचा, किंवा मिळेल त्या गाडीने, सापाची लस असलेले सरकारी रुग्णालय गाठायचे. ते आपल्याला जवळचे कोणते, ही चौकशी आजच करून त्याचा फोन नंबर खाली लिहावा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही जातींवर एकच लस चालते. म्हणून साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका. देवळात नेणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. एवढेच म्हणतो, आधी लस टोचा, मग देवाला नारळ फोडा. देव थांबतो, विष थांबत नाही.

आता साबणाचे बघू. पुष्कळ घरांत साबण असतो, पण तो असतो न्हाणीतल्या कोनाड्यात, आणि हात धुतले जातात अंगणातल्या नळावर. मध्ये पंधरा पावले. ती पावले दिवसातून सहा वेळा कुणी चालत नाही. साबणाचा तुकडा जुन्या मोज्यात किंवा कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून नळालाच टांगा. कावळा नेत नाही, मातीत पडत नाही, आणि ओल्या हाताने पिशवीच चोळली की फेस येतो. शौचाहून आल्यावर, कणीक तिंबण्याआधी आणि लेकराला भरवण्याआधी, एवढ्या तीन वेळा पाळल्या तरी पोरांच्या हगवणी पुष्कळ कमी होतात.

शेतावर साबण त्याहून गरजेचा आहे, आणि तिथे तो जवळजवळ कधीच नसतो. फवारणी करणारा माणूस मधेच पंप खाली ठेवतो, बांधावर टेकतो, चंची काढतो, आणि औषधाने माखलेल्या तळहातावर तंबाखू-चुना मळून ओठात धरतो. विष पोटात जायला यापेक्षा सोपी वाट नाही. दुसरे म्हणजे पंपाचे नोझल तुंबले की ते तोंडात धरून फुंकायचे. बऱ्याच जणांचा हा हातखंडा आहे, आणि आपण काही भलते करतो आहोत असे त्यांना वाटतही नाही. त्याला रागावून उपयोग नाही. बारीक तार आणि जुना दाताचा ब्रश पंपाच्या पट्ट्यालाच सुतळीने बांधून टाका. नोझल तुंबले की हात आपसूक तिकडे जाईल. पाण्याचा एक वेगळा कॅन आणि साबणाची तीच पिशवी बांधावर नेहमी असावी.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते विसरू नका. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, आणि वर तोंड करून मारलेले औषध फवारणाऱ्याच्याच अंगावर येत होते. वीसच्या आसपास माणसे गेली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली. त्यांत रोजंदारीने फवारणारे पुष्कळ होते. म्हणून ज्याची शेती आहे त्याने मजुराच्या हातात पंप देताना लांब बाह्यांचा सदरा, तोंडाला बांधायचा मास्क, डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे द्यावेत. उपाशीपोटी फवारायला लावू नये, वाऱ्याच्या विरुद्ध तोंडाने चालू देऊ नये. त्याचा रोज आपण देतो, पण त्याच्या जिवाची भरपाई आपल्याच्याने होणार नाही.

फवारणीचे कपडे घरात आणायचे नाहीत. गोठ्याबाहेर एक खिळा त्यासाठीच ठोका. तिथे कपडे उतरवायचे, अंग धुवायचे, मग घरात. ते कपडे इतर धुण्यात मिसळू नयेत, आणि धुणारीने हातात मोजे नाही तर निदान जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या घालाव्यात. नवऱ्याच्या सदऱ्यातले औषध बायकोच्या हातांना लागते आणि तिला वाटते, साबणानेच हात सोलवटले.

बायकांची गोष्ट निघाली आहे तर इथे थोडे थांबू. आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असे २०१९ ते २१ च्या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत निघाले. दम लागतो, पाय ओढतात, संध्याकाळी डोके धरते. घरात म्हणतात, कामाने थकली. कामाने थकते हे खरेच, पण ताटात काय उरते तेही बघितले पाहिजे. बहुतेक घरांत ती सर्वांत शेवटी बसते. तोवर भाजीचा तळ लागलेला असतो, डाळ संपलेली असते, आणि उरलेली भाकरी ठेच्याशी खाऊन ती उठते. यात कुणी दुष्टपणा करत नसते. ताटे मांडायची रीतच तशी पडली आहे.

ती रीत बदलायला भाषण लागत नाही, एक ताट लागते. सगळ्यांची ताटे मांडताना तिचेही ताट त्याच वेळी वाढून झाकून ठेवायचे. हे काम तिच्याकडे देऊ नका, ती ते करणार नाही. ते सासूने करावे किंवा नवऱ्याने. एका घरात सासूबाईंनी हे सुरू केले, तेव्हा शेजारीण म्हणाली, "काय हो आत्याबाई, सुनेला डोक्यावर बसवता?" म्हातारी म्हणाली, "डोक्यावर नाही गं, ताटावर बसवते. गाईला दूध काढायच्या आधी आंबोण घालतोच ना आपण?"

आता ताटात असलेले अंगी कसे लागेल ते बघा. शेवग्याचा पाला, माठ, मेथी, मटकी, हुलगा, अळीव, बाजरी यांत लोह आहे. पण जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा घेतला तर ते लोह अंगात शिरत नाही, चहातला तुरटपणा त्याला अडवतो. चहा सोडा असे मी म्हणत नाही. असे लिहिले तर उद्यापासून हे पान कुणी वाचणार नाही. फक्त जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा. उलट लिंबाची फोड, आवळा, पेरू, टोमॅटो यांतले कोणतेही एक जेवणाबरोबर असले तर तेच लोह चांगले लागते. लिंबू डब्यात ठेवले की वाळून जाते. मिठाच्या वाटीशेजारी ठेवा, म्हणजे मीठ घेताना दिसेल. भाजी लोखंडी कढईत केली तर कढईचे लोखंडही थोडे उतरते. आजीची कढई माळ्यावर टाकून ॲल्युमिनियमच्या पातेल्यांनी घर भरले, हा व्यवहार काही मला फायद्याचा वाटत नाही.

गरोदर बायकांना सरकारी दवाखान्यात लोहाच्या लाल गोळ्या मिळतात. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायच्या असतात. पुष्कळ बायका त्या मधेच सोडतात, कारण शौचाला काळे होते आणि त्या घाबरतात. घाबरू नका. काळे होणे हे गोळीचेच लक्षण आहे, त्याने काही बिघडत नाही. गोळीचे पाकीट देवाच्या वरच्या कोनाड्यात ठेवा. सांजेला दिवा लावताना ती दिसेल, आणि दिवा लावायचे कुणी विसरत नाही. लहान पोरांच्या हाताला मात्र ते पाकीट लागता कामा नये, त्यांच्या पोटात या गोळ्या गेल्या तर जिवावर बेतते. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घेऊ नये, दुसऱ्या वेळी घ्यावी.

शेतात बाया पाणी कमी पितात, हे पुरुषांच्या ध्यानात येत नाही. ऊसतोडीला, कापूस वेचायला गेलेली बाई सकाळपासून घोटभर पाण्यावर राहते, कारण जायला आडोसा नाही. मग लघवीला जळजळ, उन्हाळे, ताप. घडाभर पाणी बांधावर नेले तरी ती पिणार नाही. आधी चार बांबू रोवा, त्यांना जुने लुगडे किंवा पोती गुंडाळा, आणि मग घडा ठेवा. अर्ध्या तासाचे काम आहे. सुगीत दहा बाया कामाला असताना ज्याने एवढे केले, त्याच्या शेतावर पुढल्या वर्षी माणसे न बोलावता येतात असे मी पाहिले आहे.

वाईट सवयीलाही खुंटी असते. मिश्रीची डबी चुलीच्या कट्ट्यावर असते, सकाळी पेटवायला बसले की हात तिच्याकडे जातो. ती डबी तिथून हलवा, माळ्यावर ठेवा, घ्यायला शिडी लावावी लागेल अशी. सकाळच्या त्या जागी दात घासायचा ब्रश ठेवा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, राखुंडी नव्हे. गरोदरपणी लावली तर पोटातले मूल वजनाला कमी भरते. नुसती डबी हलवून सगळ्यांचे सुटेल असे मी म्हणत नाही. तंबाखू रक्तात भिनलेली असते आणि सोडताना डोके दुखते, चिडचिड होते. १८०० ११ २३५६ या नंबरावर फोन केला तर पैसे पडत नाहीत, आणि तंबाखू सोडायला मदत करणारी माणसे बोलतात.

हिशेबाचे थोडक्यात सांगतो. १९७३ साली निघालेले 'कालनिर्णय' आज घरोघर खिळ्याला टांगलेले आहे. त्याच्या चौकोनात पुष्कळ घरधनिणी दुधाचे लिटर मांडतात. ही लागलेली सवय आहे, तिलाच पुढे वाढवा. त्याच खिळ्याला दोऱ्याने पेन्सिल आणि शाळेची उरलेली वही बांधा. आज किती बाया होत्या, खताच्या किती गोण्या, डिझेल किती, एवढ्या तीन ओळी दूध मांडताना लिहा. वर्षाअखेर सोयाबीनने काय दिले आणि काय खाल्ले ते कुणाला विचारावे लागणार नाही. सावकारापुढे किंवा बँकेत बसताना ती वही बरोबर असली की बोलण्याचा सूरच बदलतो.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीने आणखी एक विचारले आहे. सवय लागायला किती दिवस लागतात? पुष्कळ जण २१ दिवस सांगतात. लंडनच्या एका विद्यापीठात ९६ माणसांवर हा अभ्यास झाला आणि २०१० साली तो छापून आला. त्यात सरासरी ६६ दिवस निघाले. कुणाला १८ दिवसांत जमले, कुणाच्या बाबतीत २५४ दिवस लागतील असा हिशेब आला. म्हणजे पाडव्याला ठरवलेले तुळशीच्या लग्नापर्यंत अंगवळणी पडले नाही, यात नवल नाही. कापूस तरी तेवढ्यात कुठे येतो? त्याच अभ्यासात आणखी एक दिसले. मधेच एखादा दिवस चुकला तर फारसे बिघडत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा धरले म्हणजे झाले. आपल्याकडे एक दिवस खंड पडला की व्रत मोडले म्हणून सोडून देतात. बॅटरी एका रात्री विसरली म्हणून दुसऱ्या रात्रीही अंधारात जायचे, असे काही शास्त्र नाही.

चार गोष्टी एकदम मात्र धरू नका. दिवाळीला तुमचे तिथेच फसले असावे. एक धरा. जिची जागा आज बदलता येईल अशी धरा. रोहिणीच्या आधी हे पान हातात पडले असेल, तर बॅटरीपासून सुरुवात करा. खुंटी ठोकायच्या आधी घरातल्या सगळ्यांत बुटक्या माणसाचा हात तिथवर पोचतो का ते बघा, कारण रात्री गोठ्यात जाणारी पुष्कळदा तीच असते. सेलची बॅटरी असेल तर सेलचा एक जादा जोड कागदात गुंडाळून त्याच खुंटीला बांधा. चार्जिंगची असेल तर ते काम एका पोराला नेमून द्या, आणि लाईट जायच्या वेळा त्याच्याकडून भिंतीवर लिहून घ्या.

तुमच्या घरात खुंटी कुठे ठोकली, आणि ती ठोकताना घरात कोण काय म्हणाले, ते कळवा. पुढच्या खेपेला पावसाळ्याआधी पाण्याची टाकी आणि आड कसा साफ करायचा ते पाहू.